पुण्यात बसून कोकणातलं गाव ऐकवायचं: विज्ञानकथेच्या श्रुतिकेसाठी पहिल्या पायऱ्या

पुण्यात नाटकवेड्या मुलांची वाण नाही. पुरुषोत्तम करंडक या आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेच्या निमित्तानं दर वर्षी नवे लेखक, नवे नट भरत नाट्य मंदिराच्या रंगमंचावर उभे राहतात. स्पर्धा संपली की त्यातल्या काहींना श्रुतिका, म्हणजे फक्त ऐकायचं नाटक, करून बघावीशी वाटते. नेपथ्य नको, प्रकाशयोजना नको, तालमीची जागा मिळेल तेवढी पुरते. विषयाची चर्चा सुरू झाली की कुणीतरी विज्ञानकथा सुचवतं, कुणीतरी कोकणातलं गाव सुचवतं, आणि दोन्ही एकत्र करावं असं ठरतं. हा लेख अशा मंडळींसाठी आहे, ज्यांनी श्रुतिका कधी केलेली नाही आणि ज्यांच्या खिशात फारसे पैसेही नाहीत.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करून घ्या. श्रोत्यासमोर दृश्य नाही, त्यामुळे ज्याला स्वतःचा आवाज नाही ते त्याच्या लेखी घडतच नाही. कल्पना निवडण्यापासून शेवटच्या मिक्सिंगपर्यंत दर टप्प्यावर एकच प्रश्न विचारायचा: हे ऐकू कसं येईल?

कल्पना: कानाला कळेल अशी अघटित गोष्ट शोधा

पहिल्या खर्ड्यात बहुतेक जण आकाशात निळा प्रकाश आणतात. मग तो प्रकाश दिसतोय हे कुणाला तरी बोलून दाखवावं लागतं: "अरे बापरे, ते बघ, केवढा निळा प्रकाश!" असं वाक्य कागदावर आलं की कल्पना चुकली असं खुशाल समजा. प्रकाशाला आवाज नाही. समुद्राला आहे, आणि किनाऱ्यावरचं सगळं गाव त्या आवाजाच्या वेळापत्रकावर चालतं.

हे वेळापत्रक काय आहे ते समजून घेऊ. भरती आणि पुढची भरती यांत साधारण १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणून भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. कोकणात याचा जुना ठोकताळा आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या सुमारास, आणि तेव्हा उधाण. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. किनाऱ्यागणिक वेळ थोडी मागेपुढे होते, पण बोटांवर हिशेब करणारी आजी घड्याळाकडे न बघता भरती सांगू शकते, ती याच जोरावर.

आता यातला एकच नियम मोडा. पंचांगाप्रमाणे भरती यायला हवी, आणि आली नाही.

इथे विज्ञान नीट लावलं तर कथा स्वतःच्या पायावर उभी राहते. भरती ओढणारं बळ वस्तूच्या वस्तुमानाच्या प्रमाणात वाढतं, पण अंतर वाढलं की घनाच्या हिशेबानं घटतं. चंद्र सरासरी ३,८४,४०० किलोमीटरवर आहे. त्याच्या एक दशांश अंतरावर, त्याच्या एक हजारांश वस्तुमानाची एखादी वस्तू आली, तर ती चंद्राएवढीच भरती उठवेल. ती दिसत का नाही? ती इवलंसं कृष्णविवर आहे म्हणून. सबंध चंद्राच्या वस्तुमानाच्या कृष्णविवराची त्रिज्या मिलिमीटरच्या दशांशाएवढी असते. आपलं तर त्याच्याही हजारांश. दुर्बिणीला न दिसणारी आणि खाडीतल्या पाण्याला कळणारी गोष्ट श्रुतिकेला आणखी कुठली हवी?

हिशेब थोडा पुढे नेला तर कथानकही हाती लागतं. त्या अंतरावरून पृथ्वीभोवती फिरायला अशा वस्तूला सुमारे २१ तास लागतील, आणि पृथ्वी स्वतःभोवती २४ तासांत फिरते. वस्तू पृथ्वीच्या फिरण्याच्याच दिशेनं जात असेल, तर गावावरून ती फार सावकाश सरकेल. तिची जादा भरती दीड-पावणेदोन दिवस चढत राहील आणि तितकाच वेळ उतरत राहील. रोजच्या भरती-ओहोटीवर ही दुसरी लय चढली की पाणी कधी येतच नाही, कधी जातच नाही, आणि कधी दोन्ही भरत्या एकावर एक पडून थेट माडांत शिरतं. श्रुतिकेच्या कुठल्या भागात काय घडणार ते या हिशेबावरून ठरवा. विज्ञानकथेत मोठं गृहीतक एकच घ्यावं आणि बाकी सगळं त्याच्या परिणामांतून यावं, असं माझं ठाम मत आहे. दुसरं गृहीतक घुसवलंत की श्रोता मोजमाप सोडून देतो.

भरतीची वाट नको असेल तर पुणे जिल्ह्यातच दुसरी आहे. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. तिथे स्पंदकांचा (पल्सारांचा), म्हणजे ठरावीक लयीत रेडिओ लहरी पाठवणाऱ्या फिरत्या ताऱ्यांचा अभ्यास होतो, आणि स्पंदकांना ठेका असतो. वेला स्पंदक सेकंदाला सुमारे ११ वेळा फिरतो, क्रॅब सुमारे ३० वेळा. पहिल्याचे ठोके ध्वनीत बदलले तर खडखडाट ऐकू येतो, दुसऱ्याचा जवळजवळ सलग घुरघुराट होतो. अँटेना आवाज "ऐकत" नाही, रेडिओ लहरी टिपते, आणि त्यांचं ध्वनीत रूपांतर माणूस करतो. तुमच्या पात्राला ते रूपांतर करताना दाखवा, म्हणजे जाणकार श्रोत्याला खटकणार नाही. दर वर्षी २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनाला, खोडदला विज्ञान प्रदर्शन भरतं. लेखकानं एकदा तरी जाऊन यावं.

ऋतू आणि तिथी आधी, पात्रं नंतर

हे उलटं वाटेल, पण आवाजाच्या माध्यमात ऋतू म्हणजेच नेपथ्य. कोकीळ ओरडत असेल तर उन्हाळ्याची चाहूल लागलेली आहे. कौलांवर सरी कोसळत असतील तर आषाढ. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढणाऱ्यांचा एकसुरी हाकारा असेल तर समुद्र शांत आहे. एका प्रसंगात कोकीळ आणि दुसऱ्यात, त्याच आठवड्यात, धुवाधार पाऊस असं करून बसू नका.

मी आषाढ निवडेन. १ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते. होड्या वर ओढून शाकारलेल्या, तांडेल (होडीचा प्रमुख) आणि खलाशी घरी, आणि रात्री समुद्रावर एकही इंजिन नाही. अशा रात्री दूरवर इंजिनासारखी घरघर ऐकू आली तर गावातला प्रत्येक माणूस अंथरुणात उठून बसेल, आणि का ते त्याला कुणी समजावून सांगावं लागणार नाही. पुण्याच्या श्रोत्याला मात्र बंदीची माहिती हवी. ती पहिल्या पाच मिनिटांत एखाद्या किरकोळ भांडणातून देऊन टाका.

संहिता

बोलण्याच्या गतीनं मिनिटाला साधारण १२० शब्द जातात. १५ मिनिटांचा भाग असेल तर संवाद १,३०० शब्दांवर थांबवा, उरलेला वेळ समुद्राचा, पावसाचा आणि शांततेचा. पहिल्यांदा करताना चार भागांपेक्षा मोठी मालिका हाती घेऊ नका. एका प्रसंगात चारपेक्षा जास्त बोलणारी माणसं नकोत. आवाज एकमेकांपासून पुरते वेगळे हवेत: म्हातारी, पोरगा, घोगरा तांडेल, पुण्याहून आलेली संशोधक. दोन पंचविशीतले मित्र एकाच प्रसंगात ठेवलेत तर कोण बोलतंय हे कुणालाच कळणार नाही.

संहितेत आवाजाच्या सूचना संवादाइतक्याच काळजीनं लिहा. नमुना देतो:

(दुपार. पाऊस नुकताच थांबलाय, पागोळ्या. दूरवर समुद्राची गाज, नेहमीपेक्षा खूपच दूर. जवळ खाडीतल्या उघड्या चिखलाचे बारीक फुटण्याचे आवाज. पावलं.)

आजी: भरती इली?

नातू: नाय गे आज्ये. सगळो चिखल दिसता.

आजी: आज खयची तीथ?

नातू: चवथ.

आजी: मगे तीन वाजता भरती व्हयी. वाजले किती?

नातू: चार वाजान गेले.

(पागोळ्या. आजी काही बोलत नाही. चिखलाचे आवाज हळूहळू वाढतात.)

संकट आलं आहे असं इथे कुणीच म्हटलेलं नाही. गाज लांब गेली आहे, चिखल जवळ आला आहे आणि आजी गप्प आहे, बस्स. पूर्ण भरतीनंतर तासाभरानं खाडी तुडुंब असायला हवी हे श्रोत्याला आजीच्या हिशेबातून कळतं.

बोलीबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं. कोकणची बोली एक नाही. सिंधुदुर्गात मालवणी, रत्नागिरीकडे संगमेश्वरी, उत्तरेला कोळी आणि आगरी, शिवाय किनाऱ्यावरच्या मुसलमान मच्छीमारांची वेगळी धाटणी. आधी गाव नकाशावर कुठे आहे ते ठरवा, मग एकच बोली धरा आणि त्या बोलीत वाढलेल्या माणसाकडून संहिता वाचून घ्या. पुण्यात कोकणातून आलेली माणसं प्रत्येक सोसायटीत भेटतात, आणि आपली बोली नीट ऐकवली जावी अशी त्यांना मनापासून इच्छा असते. शक्य असेल तर नटही तिथलाच घ्या. "इलंय-गेलंय" एवढ्या भांडवलावर मालवणी माणूस हशा पिकवण्यापुरता उभा करणं आता थांबायला हवं. तुमच्या कथेत भरतीचं गणित येणारी माणसं हीच आहेत, संशोधक बाई त्यांच्याकडे शिकायला आलेली आहे.

कोकणातलं गाऱ्हाणं श्रुतिकेसाठी विलक्षण आहे. एक जण देवाला साकडं घालतो आणि प्रत्येक वाक्यानंतर जमलेले सगळे एका आवाजात म्हणतात, "होय म्हाराजा!" समजा तिसऱ्या भागात सगळा गाव पाण्यासाठी गाऱ्हाणं घालतोय. प्रत्येक "होय म्हाराजा" एकदम येतो. शेवटच्या वेळी मात्र एक हुंकार अर्धा सेकंद उशिरा येतो, समुद्राच्या बाजूनं. गाऱ्हाणं तुम्ही स्वतः लिहा, भक्तिभावानं लिहा. खरं गाऱ्हाणं ध्वनिमुद्रित करायचं असेल तर गावकऱ्यांची परवानगी आधी, यंत्र नंतर.

आवाज गोळा करणं

एकदा तरी समुद्रावर जावंच लागेल. ताम्हिणी घाटानं दिवेआगर किंवा श्रीवर्धन दोन दिवसांत आरामात होतं. मोबाइलवर मुद्रण करणार असाल तर वेव्ह फाइल देणारं ॲप घाला. छोटा हातातला रेकॉर्डर मित्राकडून मिळाला तर उत्तम. वाऱ्यासाठी माईकवर खोट्या केसाळ कापडाची टोपी शिवून घ्या. तिच्याशिवाय सगळी मेहनत फडफडाटात जाईल.

नवखे लोक लाटेजवळ उभे राहून दहा मिनिटं मुद्रण करतात, आणि घरी आल्यावर ते बंद पडलेल्या टीव्हीच्या खरखरीसारखं ऐकू येतं. समुद्र तीन अंतरांवरून घ्या: पाण्याच्या कडेला, जिथे परतणारं पाणी वाळूत सळसळतं, सुरूच्या बनामागून, जिथे फक्त लाट फुटल्याची धडधड पोचते, आणि एखाद्या घराच्या पडवीतून, जिथे उरते ती गाज. याशिवाय ओहोटीच्या वेळी खाडीच्या चिखलाजवळ गुपचूप बसा. खेकडे आणि निवट्या हलतात, बुडबुडे फुटतात, आणि चिखल बारीक आवाजात तडतडत राहतो. वरच्या प्रसंगाचा जीव त्या तडतडण्यात आहे. प्रत्येक फाइलच्या सुरुवातीला ठिकाण, वेळ आणि तिथी तोंडानं बोलून ठेवा.

बाकीचं बरंचसं पुण्यातच होतं. संथ खाडीचं पाणी हवं असेल तर खडकवासला-पानशेतच्या बाजूला पहाटे जा. काठावर चुळबुळणारं पाणी खारं की गोडं हे कानाला कळत नाही. सुपात मूठभर तांदूळ घेऊन सूप सावकाश कलतं केलं की लाट येते, उलट कललं की परतते. ही युक्ती जवळच्या, एकेकट्या लाटेसाठी खऱ्या समुद्राहूनही चांगली चालते, कारण नेमक्या शब्दानंतर लाट फोडता येते. बोहरी आळीतून काथ्याचा जाड दोर आणा. तो ओल्या लाकडावरून ओढला की होडी नांगराला ताण देते. जुन्या खुर्चीचा करकरणारा सांधा म्हणजे वल्ह्याची खुंटी.

परग्रही किंवा अघटित आवाजांसाठी संगणकात शोधाशोध करण्याआधी घरातला तांब्याचा हंडा बाहेर काढा. बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत बझरची पितळी चकती अगदी स्वस्तात मिळते. तिला वायर आणि जॅक डाखवून घ्या, चकती हंड्याला चिकटवा, आणि गिटार लावायच्या इनपुटला जोडून हंड्यावर बोटं फिरवा. मुद्रण निम्म्या वेगानं वाजवलं की स्वर बरोबर एक सप्तक खाली जातो, पाव वेगानं दोन सप्तकं. स्वयंपाकघरातला हंडा ओळखू येत नाही, पण धातू, पोकळी आणि वजन शिल्लक राहतं. अशा आवाजात खरेपणा असतो. तयार इफेक्टमध्ये तो क्वचितच सापडतो.

त्याच चकतीवर अराल्डाइटचा जाड थर देऊन ती पूर्ण जलरोधक केली की पाण्याखालचा माईक तयार. आता पाण्याखालचं विज्ञान. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, पाण्यात सुमारे १,५००. दोन्ही कानांवर तो जवळजवळ एकाच क्षणी पोचतो, त्यामुळे बुडी मारलेल्या माणसाला आवाज कुठून येतोय ते नीट कळत नाही. याचा थेट वापर करा. पात्राचं डोकं पाण्याखाली गेलं की डावं-उजवं विभाजन काढून टाका, सगळा आवाज मधोमध आणा आणि वरच्या कंप्रता कापा. उष्ण किनाऱ्यांवरच्या समुद्रात चुटकी वाजवणाऱ्या कोळंबीची सततची तडतड असते, ती बारीक ठेवा. हेडफोनवर ऐकणाऱ्याचा श्वास अडकतो.

फ्लॅटमध्ये कोकणातलं घर

सारवलेली जमीन, वर उघडी कौलं आणि सामानानं भरलेलं माजघर यांत आवाज घुमत नाही. पुण्याच्या फ्लॅटमधल्या टाइल्स आणि गुळगुळीत भिंती घुमतात, आणि पहिल्याच वाक्याला भांडं फुटतं. खोलीच्या तीन बाजूंना रजया आणि गोधड्या टांगा, खाली सतरंजी, नटाच्या पाठीमागे कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट. पंखा आणि फ्रिज बंद. वेळ दुपारी दोन ते चार. त्या वेळी पेठांतही रहदारी ओसरलेली असते.

माईक तोंडापासून वीतभर आणि थोडा तिरका, म्हणजे "प", "फ", "भ" आदळत नाहीत. पातळी सर्वांत मोठ्या आवाजालाही उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील अशी ठेवा, २४ बिट, ४८ किलोहर्ट्‌झ. कुणीही न बोलता खोलीची शांतता मिनिटभर मुद्रित करा. कापाकापीत ठिगळं तिनंच लागतात. संहितेचे कागद सुटे ठेवा आणि पान उलटू नका, बाजूला सरकवा.

नटांना एक सांगा: रंगमंचावरचा फेकीचा आवाज घरी ठेवून या. शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचं नाही, एका कानात बोलायचं आहे. लांबून हाक मारायची असेल तर खरंच माईकपासून चार पावलं मागे जाऊन, तोंड वळवून मारा. गावकऱ्यांचा जमाव पाच जणांत होतो: प्रत्येक वेळी जागा आणि आवाज बदलून "होय म्हाराजा" चार वेळा मुद्रित करा आणि एकावर एक ठेवा.

जोडणी आणि प्रसारण

ऑडॅसिटी फुकट आहे, सुरुवातीला तेवढं पुरतं. आधी फक्त संवाद जोडा आणि डोळे मिटून ऐका. कथा कळत नसेल तर संहितेकडे परत जा, लाटा टाकून ती कळणार नाही. मग ऐंशी हर्ट्‌झखालची घरघर गाळा आणि वातावरण घाला. दूरच्या गोष्टीचा आवाज फक्त बारीक करून भागत नाही, त्याची धारही कमी करावी लागते. वीज चमकल्याचा उल्लेख असेल तर गडगडाट उशिरा येऊ द्या, दर किलोमीटरला तीन सेकंद. वादळ जवळ येतंय हे या घटत जाणाऱ्या अंतरानंच कळतं, संवादाची गरज नाही. शेवटी पूर्ण भाग स्टिरिओत उणे १६ एलयूएफएसवर (आवाजाच्या सरासरी मोठेपणाचं माप) आणि शिखर उणे १ डेसिबलवर ठेवा, मोबाइलवर एकदा ऐका, रिक्षात बसून एकदा ऐका.

हक्कांचं काम कंटाळवाणं असलं तरी प्रसारणाआधी उरका. नट, लेखक, वादक सगळ्यांकडून एका पानाची लेखी संमती घ्या. दुसऱ्याची कथा घेतली असेल तर लक्षात ठेवा, आपल्याकडे साहित्यावरचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. सिनेमाचं गाणं पार्श्वभूमीला दहा सेकंदही नको. इंटरनेटवरून घेतलेल्या प्रत्येक आवाजाचा परवाना वाचा, कारण काहींना श्रेय द्यावं लागतं आणि काही व्यावसायिक वापराला चालत नाहीत.

पॉडकास्टवर टाकण्याआधी एखाद्या घरात पंधरा-वीस माणसं बोलवा, दिवे मालवा आणि पहिला भाग ऐकवा. तुम्ही मागे बसून श्रोत्यांकडे लक्ष ठेवा. कुणी कुठे मोबाइल काढला तो क्षण संहितेत खूण करून ठेवा, आणि दुसऱ्या दिवशी तिथलं कापा. विद्यापीठाचं विद्यावाणी आणि एफटीआयआयचं रेडिओ केंद्र अशी सामुदायिक केंद्रं शहरात आहेत, तिथे नमुना घेऊन भेटा. पुणे आकाशवाणीनं १९५३पासून या शहराला नाटक ऐकायची सवय लावली आहे, आणि नभोनाट्य ऐकत मोठी झालेली पिढी अजून आपल्यात आहे. त्यातले दोघे-तिघे त्या अंधाऱ्या खोलीत आवर्जून बसवा. लाट कुठे खोटी वाटली ते तेच सांगतील.